गोदामातली वही मी बंद केली

साकोलीच्या अलीकडे हमरस्ता सोडून आत गेलं की एका बोडीच्या, म्हणजे लहान तळ्याच्या, काठावर एक गाव लागतं. त्या गावातल्या एका घराला अजूनही 'पोचटबाबूचं घर' म्हणतात. पोचट म्हणजे दाणा न भरलेलं धान. ज्या माणसामुळे घराला हे नाव पडलं, ते आमच्या कंपनीत गोदामबाबू होते. त्यांनी पैसे खाऊन स्वतःच्याच गावाला न उगवणारं बीज दिलं, असं तिथले लोक मानतात. त्यांनी कुणाचे पैसे खाल्ले नव्हते. चूक माझी होती आणि ती त्यांच्या अंगावर ढकलणाराही मीच होतो. हे लिहायला मला जवळपास चाळीस वर्षं लागली.

गोष्ट शहाऐंशी-सत्त्याऐंशी सालची. लाखनी आणि साकोलीच्या दरम्यान एका खाजगी कंपनीचा धानाच्या बियाण्याचा कारखाना होता. कंपनी पुढे बंद पडली, आता तिथं दुसरंच काही आहे. शेतकऱ्यांकडून बीजधान घ्यायचं, साफ करायचं, औषध लावायचं, पोत्यांत भरून शिवायचं आणि मेअखेरी रोहिणी नक्षत्र लागायच्या सुमारास ट्रक भरभरून गावोगावी पाठवायचं, एवढंच काम. प्रत्येक घाण्याला, म्हणजे एका वेळी तयार झालेल्या मालाला, लॉट नंबर असे. नागपूरच्या प्रयोगशाळेत प्रत्येक लॉटचे दाणे ओल्या कागदावर उगवून पाहत. जो लॉट नीट उगवला नाही तो 'रोखलेला' ठरे. रोखलेला लॉट गोदामातून हलवायचा नाही, हा कारखान्याचा सगळ्यात मोठा नियम होता.

मी भंडाऱ्याचा. नागपुरात संगणकाचा कोर्स करून आलो होतो. वय अठ्ठावीस. कंपनीनं संगणक घेतला आणि त्याच्यासोबत मलाही घेतलं. अख्ख्या कारखान्यात थंड हवेचं यंत्र माझ्या एकट्याच्या खोलीत होतं. कारखान्याचे मॅनेजर, आमचे साहेबसुद्धा दारात चपला काढून आत येत. लग्नाला निघालेल्या नवरदेवासारखा मी रोज इस्त्री करून जात असे.

साहेब पुण्याकडचे. आधीच्या नोकरीत त्यांनी एका कारखान्याचं ऑफिस पुरात बुडालेलं पाहिलं होतं. कारकून मंडळी दहा दिवस हात बांधून बसली होती, कारण कोणता माल कुठं आहे हे सांगणारा एक कागद शिल्लक नव्हता. म्हणून संगणक सुरू झाल्यावर पहिल्याच आठवड्यात त्यांनी मला बोलावलं.

"हे यंत्र आज संध्याकाळी जळून खाक झालं, तर उद्या सकाळी गेटवर उभ्या ट्रकला काय सांगायचं? ते मला लिहून द्या. 'जळणार नाही' असं लिहू नका."

मी चार पानांची योजना टाइप करून दिली. आजही ती मला बरीचशी पाठ आहे. दर शनिवारी संगणकातली सगळी माहिती फ्लॉपींवर उतरवायची. फ्लॉपी म्हणजे त्या काळची पातळ चौकोनी तबकडी, कागदी पाकिटातली. एक संच कारखान्यात आणि एक लाखनीच्या आमच्या डेपोत ठेवायचा. महिन्यातून एकदा तो संच चालतो की नाही ते यंत्रात घालून पाहायचं. आणि हेही जमलं नाही तर, असं म्हणून मी शेवटचं कलम लिहिलं होतं: गोदामबाबूंची हस्तलिखित वही आणि थप्प्यांवरच्या खुणा यांच्या आधारे रवानगी चालू ठेवावी. दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी संगणक बंद ठेवून याचा सराव करावा.

योजना चांगली होती. हे मी अभिमानानं म्हणत नाही. चांगली होती म्हणूनच पुढचं मनाला जास्त लागतं.

गोदामबाबू तेव्हा पंचावन्नच्या आसपास असतील. बारीक अंगाचे, कानाला पेन लावलेले. घरी धानाच्या बांध्या, म्हणजे बांध घातलेली शेतं होती, त्यामुळे पोत्यात हात घातला की दाण्याची ओल सांगायचे. त्यांच्याजवळ एक लांबट वही असे. रोखलेला प्रत्येक लॉट ते त्यात लिहीत आणि त्याच्या थप्पीला जुन्या लुगड्याची चिंधी बांधत. लुगडं त्यांच्या बायकोचं. हमाल चिडवत, "बाबू, काकूले नेसाले ठेवलं का नाई काई?" त्यावर ते म्हणत, "तुह्या घरून आण मंग. कंपनीले लुगडीच लुगडी लागून राहिली."

पहिला सराव ऑगस्टात झाला. मी संगणक बंद केला आणि खुर्चीवर बसून राहिलो. गोदामबाबूंनी वही उघडली. त्या दिवशी आमच्या डेपोंना सात ट्रक निघायचे होते. जेवणाच्या सुट्टीच्या आत सातही निघाले. एकदाही कुणी अडलं नाही. साहेबांनी त्यांच्या पाठीवर हात ठेवला. गेटवरचा चौकीदार मला ऐकू येईल असं म्हणाला, "बाबूची वही त मशीनच्या पुढं चालते जी!" आणि सगळे हसले.

मीही हसलो. पण मला ते झोंबलं. सप्टेंबरातला सराव तर आणखी लवकर संपला. ऑक्टोबरपासून मी सराव घेणं बंद केलं. सरावाच्या रजिस्टरात मात्र दर महिन्याला 'झाला, समाधानकारक' असं लिहून सही करत राहिलो. साहेब महिनाअखेरी ते पाहत आणि खाली आपली सही करत. त्यांचा माझ्यावर विश्वास होता.

त्या वर्षीचा दसरा आला. आमच्याकडे दसऱ्याला यंत्रांची पूजा होते. चाळण्या, वजनकाटे, शिवणयंत्र, ट्रॅक्टर, सगळ्यांना फुलं आणि हळदीकुंकू. या वेळी मानाची पूजा संगणकाची होती. पडद्यावर स्वस्तिक काढायचं मी नको म्हटलं, तेवढं भान होतं मला. पण पाटावर काहीतरी मांडायला हवं होतं. मग मी फ्लॉपींचे दोन्ही संच पाकिटांतून काढून केळीच्या पानावर पंख्यासारखे मांडले. लाखनीचा संचही मुद्दाम मागवला होता. येईल त्यानं त्यांवर हळद, कुंकू, अक्षता वाहिल्या. हमालांपासून साहेबांच्या पत्नीपर्यंत सगळ्यांनी.

गोदामबाबू हात जोडून म्हणाले, "बाबू, याच्यातच सर्व लिवलं हाये ना? मंग त्याच्यावर कुकू कायले टाकता जी? माह्या वहीवर कोनी पानी सांडलं त मी त्याले उभा ठेवत नाई."

"काका, देवाचं आहे. काही होत नाही," मी म्हणालो.

संध्याकाळी मी फ्लॉपी रुमालानं पुसल्या, पाकिटांत घातल्या आणि लाखनीचा संच लाखनीला परत पाठवला. त्या तबकड्यांना एक लांबट खिडकी असते, आतली फिरती चकती तिथून उघडी दिसते. त्या फटीत कुंकू गेलं असेल हा विचार मला शिवलाही नाही असं आजवर सांगत आलो. खरं असं आहे की शिवला होता. तपासून पाहिलं तर कळलं असतं, आणि कळलं असतं तर पूजा मीच मांडली होती हे साहेबांना सांगावं लागलं असतं. म्हणून तपासलं नाही. पुढे दर शनिवारी नवी माहिती उतरवणंही टाळत गेलो. रजिस्टरात लिहिलं, 'उतरवले, तपासले.'

जानेवारीत एक ट्रक अर्धा दिवस अडकला. एका लॉटचा दुसऱ्या चाचणीचा निकाल चांगला आला होता, तो मी संगणकात भरला होता, पण थप्पीची चिंधी सुटायची राहिली होती. हमालांनी पोती उचलायला नकार दिला. चूक लहान होती आणि सावधपणाच्या बाजूची होती. पण मी ज्याची वाट पाहत होतो ते मला मिळालं. मी गोदामात गेलो आणि चार हमालांसमोर गोदामबाबूंना म्हणालो, "आजपासून ही वही बंद. या चिंध्याही काढा. एकाच गोष्टीच्या दोन याद्या चालणार नाहीत. लॉट रोखलेला आहे की नाही, ते माझ्या खिडकीशी येऊन विचारायचं."

"आन् मशीन बंद पडली त?"

"ती माझी काळजी आहे."

त्यांनी वही मिटली. दुसऱ्या दिवशी चिंध्या काढून त्याचं गाठोडं घरी नेलं. हा हुकूम मी कागदावर दिला नाही. योजनेतलं शेवटचं कलमही बदललं नाही. बदलायला साहेबांना विचारावं लागलं असतं. कागदावर ती वही चालूच होती.

मग प्रत्येक ट्रकमागे ते माझ्या खिडकीशी येऊन उभे राहत. बाहेर ऊन आणि आत थंड हवा. मी पडद्यावर पाहून 'चालेल' किंवा 'रोखलेला' एवढंच सांगत असे. ते मान हलवून परत जात. वयानं माझ्या वडिलांएवढा माणूस. मला ते आवडत होतं, हेही लिहून ठेवतो.

मे महिन्याच्या शेवटी एका शनिवारी सकाळपासून वीज नव्हती. दुपारी बाराच्या सुमारास आली, ती भलत्याच दाबानं आली. गेटवरचे दिवे फटफट फुटले. माझ्या खोलीत जळल्याचा वास आला आणि संगणकाच्या मागून धूर निघाला. मी बटण बंद करेपर्यंत व्हायचं ते होऊन गेलं होतं.

गेटवर अकरा ट्रक उभे होते. गावागावांत लोक पऱ्हे टाकायला, म्हणजे धानाची रोपं करायला, बियाण्याची वाट पाहत होते. साहेब आले. ते जराही घाबरले नव्हते. उलट त्यांच्या चेहऱ्यावर एक प्रकारचं समाधान होतं.

"याच दिवसासाठी आपण तयारी केली होती ना? काढा तुमची योजना."

नागपूरच्या ऑफिसचा एक जुना संगणक राखीव म्हणून आमच्याकडे ठेवलेला होता. तो जनरेटरवर लावला. मी कारखान्यातल्या संचाची पहिली फ्लॉपी घातली. आतून खरवडल्यासारखा आवाज आला. दुसरी घातली, तोच आवाज. तिसरी बाहेर काढली तेव्हा माझ्या बोटाला लाल लागलं. जीप पाठवून लाखनीचा संच आणला, त्याचंही तेच. आणि त्या चालल्या असत्या तरी त्यांच्यात दसऱ्याच्या आधीची माहिती होती. आता हवी होती ती रोखलेल्या लॉटची यादी एप्रिल-मे महिन्यातली होती. निकालांच्या चिठ्ठ्या संगणकात भरून झाल्या की मी नागपूरला परत पाठवत असे. तिथली प्रयोगशाळा शनिवारी दुपारी बंद होई. उघडणार होती सोमवारी.

साहेबांना मी सांगितलं, "फ्लॉपी चालत नाहीत सर. पण शेवटचं कलम आहे. गोदामातून यादी घेतो."

एवढं वाक्य मी बोललो नसतो तर पुढचं काहीच झालं नसतं.

गोदामात गेलो. गोदामबाबू एका थप्पीवर बसले होते.

"काका, रोखलेले लॉट कोणते?"

"वही त तुमीच बंद केली जी."

"तुम्हाला आठवत असतील ना. रोज विचारत होतात खिडकीत."

"आठवते. पन आठवनीवर बीज नाई द्यावं, बाबू. खाची गोष्ट नोहे, पेराची हाये. सोमवारपर्यंत थांबू. साहेबायले मी सांगतो, तुमाले भेव वाटत असन त."

"साहेबांना काही सांगायचं नाही. ट्रक उभे आहेत. बारा लॉट रोखलेले आहेत, एवढं मला नक्की आठवतं. सांगा तुम्ही, मी लिहितो."

ते सांगत गेले, मी लिहीत गेलो. अकरा लॉट त्यांनी एका दमात सांगितले, नंतर नागपूरच्या चिठ्ठ्यांशी ताडून पाहिलं तेव्हा अकराही बरोबर निघाले. बारावा त्यांना आठवेना. बोटांवर पुन्हा पहिल्यापासून मोजून पाहिलं. मग एक नंबर सांगितला आणि म्हणाले, "हा वाटते. पक्कं नाई सांगत मी. पक्कं नाई, हे बी लिवून ठेवा."

मी नंबर लिहिला. 'पक्कं नाही' हे लिहिलं नाही. यादी व्यवस्थित दुसऱ्या कागदावर उतरवून साहेबांना दिली. संध्याकाळपर्यंत अकराही ट्रक निघाले. साहेबांनी नागपूरला तार केली की संगणक जळूनही कारखान्याचं काम एक दिवसही थांबलं नाही.

खरा बारावा लॉट एका ट्रकात चढला होता. तो ट्रक साकोलीकडच्या गावांना गेला, आणि त्यात गोदामबाबूंचं गावही होतं.

जूनमध्ये त्या गावची माणसं ट्रॅक्टरमधून आली. सोबत पोत्यांवरच्या चिठ्ठ्या आणल्या होत्या आणि एका टोपल्यात पऱ्ह्याच्या जागेची माती. त्यात धान तसंच पडलेलं होतं, मोड न आलेलं. शेजारच्या गावांकडून पऱ्हे मागून आणून त्यांची रोवणी, म्हणजे लावणी, कशीबशी झाली, पण ती उशिरा झाली आणि सगळ्यांची झाली नाही.

साहेबांच्या खोलीत चौकशी झाली. नागपूरचे दोन अधिकारी, साहेब, मी आणि गोदामबाबू. रजिस्टरात 'तपासले' असं लिहिलेलं होतं आणि खाली साहेबांची सही होती, म्हणून फ्लॉपींबद्दल कुणी फार विचारलं नाही. टेबलावर माझी चार पानी योजना होती. अधिकाऱ्यानं शेवटचं कलम मोठ्यानं वाचलं आणि विचारलं, "गोदामबाबू, तुमची वही कुठं आहे?"

"बंद केली साहेब, जानेवारीत. यायनंच सांगतलं होतं." त्यांनी माझ्याकडे बोट दाखवलं नाही, फक्त मान वळवली.

अधिकाऱ्यानं मला विचारलं. तेव्हा माझी नागपूरच्या मुख्य ऑफिसात बदली व्हायची होती. कागद तयार होते. मी म्हणालो, "मी फक्त खुणा वेळेवर काढा म्हटलं होतं, सर. वही बंद करायला कोण सांगेल? योजनेतच लिहिलंय ना."

"हमाल होते तिथं," गोदामबाबू म्हणाले.

हमालांना कुणी बोलावलं नाही. मग दुसऱ्या अधिकाऱ्यानं विचारलं, "माल तुमच्याच गावाला कसा गेला?" त्यावर ते फक्त "बरं" म्हणाले. कुणाला म्हणाले, कळलं नाही. उठून वहाणा घातल्या आणि गेले. महिन्याभरात त्यांना कामावरून कमी केल्याचा कागद निघाला. कारण लिहिलं होतं, 'आवश्यक नोंदवही न ठेवणे.' गावात त्याचा अर्थ लावायला वेळ लागला नाही. आपलाच माणूस गोदामात असून आपल्यालाच खराब बीज येतं, म्हणजे काहीतरी खाल्लं असणार. पोचटबाबू हे नाव तेव्हाचं.

मी नागपूरला गेलो. पुढे पंचवीस वर्षं वेगवेगळ्या कंपन्यांत मी हेच काम केलं. संकट आलं तर संगणकाची कामं चालू कशी ठेवायची, यावर लोक माझा सल्ला घेत. मी चांगला सल्ला देत असे. राखीव प्रत वाचून पाहिल्याशिवाय ती प्रत नाही, असं मी तरुण मुलांना सांगायचो. हे कुठं शिकलात, असं कुणी विचारलं तर विषय बदलायचो.

अठ्ठ्याऐंशीच्या शेवटी साकोलीच्या बसस्टँडवर गोदामबाबू एकदा भेटले होते. मी तोंड फिरवणार होतो, पण त्यांनीच हाक मारली. लग्न झालं का, विचारलं. आई कशी आहे, विचारलं. माझी बस लागेपर्यंत उभे राहिले. त्या पंधरा मिनिटांत मी बोलू शकलो असतो. बोललो नाही. मला वाटलं, ते विसरले.

गेल्या हिवाळ्यात मी त्या गावात गेलो. ते वारून बरीच वर्षं झाली होती. त्यांचा मुलगा आता साठीचा आहे, बांध्या तोच करतो. मी नाव सांगितलं तशी त्यानं बाज टाकली, पण पाणी विचारलं नाही.

"कायले आले?"

मी वर लिहिलेलं सगळं त्याला सांगितलं. संपल्यावर तो म्हणाला, "हे मले नोका सांगू. मले ठाऊक हाये. लिवून आना आन् गावात सर्वायच्या समोर वाचा. वाचान का?"

"वाचीन."

दोन आठवड्यांनी मी लिहून नेलं. त्यानं चष्मा लावून अंगणात बसून सगळं वाचलं, सावकाश, एकेक पान. शेवटच्या पानावर मी लिहिलं होतं की ते एक साधे, भोळे गृहस्थ होते आणि माझ्यासारख्याचं कपट त्यांच्या ध्यानात आलं नाही. त्यानं तिथं बोट ठेवलं.

"हे काढा. माहा बाप भोळा नोहता. त्याले सर्व समजत होतं. आमी म्हनलो, बाबा, चार हमाल घेऊन नागपूरले जा, साक्ष द्या. त म्हने, तो पोट्टा भेला हाये. भेलेल्या मानसासंग काय भांडाचं." त्यानं ते पान माझ्याकडे सरकवलं. "मले राग येते त्याचा. भांडाले पाह्यजे होतं. पन भोळा नोहता."

मी खिशातून पेन काढलं, ती ओळ खोडली आणि त्याच्या वडिलांचं वाक्य त्या जागी, त्याच्याच शब्दांत लिहिलं. त्यानं ते पुन्हा एकदा वाचून पाहिलं. मग गावातल्या लोकांना समाजमंदिराकडे बोलवायला निघाला, आणि मी कागद हातात घेऊन त्याच्या मागं चालू लागलो.